अकरा वर्षांचं तात्पुरतं

रोज सकाळी पावणेनऊला काका ऑफिसात येत, डबा खालच्या खणात ठेवत, खण उघडाच सोडत, खिशातल्या रुमालानं कीबोर्ड झटकत आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करत. मधली दीड मिनिटं ते डोळे मिटून बसत. बघणाऱ्याला वाटावं, माणूस प्रार्थनेत आहे. खरं तर ते मनातल्या मनात आकडे मोजत. नव्वद झाले की डोळे उघडत, पडद्यावर शेवटची ओळ उमटलेली पाहत आणि खात्यात फोन लावून विचारत, "चालू आहे ना? मग झालं."

खातं म्हणजे गाडी चालवण्याचे परवाने देणारं खातं. परवान्याच्या चाचणीची तारीख लोकांना घरबसल्या घेता यावी म्हणून त्याची एक वेबसाइट होती, जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेली. लिहिली होती काकांच्या कंपनीनं, म्हणजे कंपनीतल्या काकांनी, अकरा वर्षांपूर्वी. सकाळी साइट टवटवीत असे. जेवणाच्या सुमारास तिला जांभया येऊ लागत. चार वाजता लोकांच्या पडद्यावर नुसतं चाक गरगरत राही आणि खात्यातल्या हेडक्लार्कचा फोन येई, "काका, तुमची गाडी पुन्हा घाटात बसली हो."

त्या फोननंतरचे काका बघण्यासारखे असत. ते घाईनं काही करत नसत. आधी चष्मा पुसत. मग बोटं मोडत. मग आजूबाजूच्या पोरांनी खुर्च्या वळवल्यात की नाही, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून घेत, आणि पट्टीच्या गवयानं समेवर यावं तसं बटण दाबत. दीड मिनिटानं साइट चालू होई. हेडक्लार्क म्हणे, "तुम्ही होतात म्हणून." काका म्हणत, "छे, छे." त्या 'छे छे'वर त्यांची पुढची संध्याकाळ जात असे.

पाठीमागे त्यांना रीस्टार्टकाका म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्याचं ते मन लावून भासवत.

पाण्याच्या यंत्राशेजारच्या भिंतीवर एक फलक होता: 'महिन्याचा तारणहार'. ही कल्पना मॅनेजरची. मॅनेजरला सगळे आलेखसाहेब म्हणत, कारण घरी भाजी खारट झाली तरी हे गृहस्थ तिचा आलेख काढतील अशी त्यांची ख्याती होती. ज्यानं महिन्यात जास्तीत जास्त अडचणी सोडवल्या, त्याचा फोटो फलकावर. ज्याच्या कामात अडचणी येतच नव्हत्या, त्याचा फोटो कशाला लागतो? काकांचा मात्र वर्षातले नऊ महिने असेच. फोटो अकरा वर्षांपूर्वीचा, डोक्यावर केस असलेला. नव्यानं आलेली पोरं विचारत, हे गृहस्थ कोण, आणि कुठे गेले?

घरी काकांची कीर्ती वेगळी होती. त्यांनी उघडलेलं काही बंद होत नसे. कपाटाचं दार, टूथपेस्टचं झाकण, बाथरूमचा नळ, लोणच्याची बरणी. बायको म्हणे, "हे घरातून गेले की कुठेकुठे गेले होते ते मला दिसतं. पावलांचे ठसे नाहीत, उघडी झाकणं." फोनचंही तेच. बोलणं संपलं की काका फोन तसाच टेबलावर उपडा घालत. ठेवायचा तो पलीकडच्यानं. बायकोनं लग्नानंतरची काही वर्षं तो ठेवला. मग तिला गोडी लागली. ती फोन ओट्यावर उभा करी आणि भाजी निवडता निवडता नवऱ्याचं ऑफिस ऐके. कोण कोणावर खार खाऊन आहे, कोणाची बदली होणार, हे तिला काकांच्या आधी कळे.

काकांनी अकरा वर्षांत सलग दोन दिवस रजा घेतली नव्हती. खात्याचा नियम असा, की सर्व्हरला हात लावायचा तो एकाच कॉम्प्युटरवरून, आणि तो कॉम्प्युटर काकांच्या टेबलावर. मुलीच्या लग्नाच्या दिवशी त्यांनी किल्ली पहारेकऱ्याच्या हाती सोपवून पाहिली होती. अल्बममध्ये त्याचा पुरावा आहे. सगळं घर हसतंय, मुलगी नवऱ्याशेजारी उभी आहे आणि मागे, खांबापाशी, एक माणूस पाठ करून फोनवर ओरडतोय. "हिरवं नाही, निळं! निळं! त्याच्या खालचं!" पहारेकऱ्यानं त्याच्या खालचं दाबलं आणि ऑफिसातलं हजेरीचं यंत्र कोरं झालं. महिनाभर सगळी कंपनी गैरहजर. तेव्हापासून काका म्हणत, "हे काम येरागबाळ्याचं नाही," आणि म्हणताना आवाजात जे दुःख आणत, त्यात दुःख फारसं नसे.

आता त्याच मुलीला दिवस गेले होते. ती राहायची रेल्वेनं सोळा तासांच्या गावात. बायको महिनाभर आधीच तिच्याकडे जाऊन राहिली होती. मुलीनं एका रविवारी फोन केला.

"बाबा, वीस तारीख दिलीय. तुम्ही अठराला या. दहा दिवस राहा."

"बघतो."

"बघतो नको. लग्नात तुमची पाठ आली फोटोत. या वेळी तोंड पाहिजे."

"अगं, पण सर्व्हर..."

"बाबा, मला एक सांगा. ते तुमचं बाळ अकरा वर्षांचं झालं ना? अजून त्याला सकाळी उठवावं लागतं?"

काका हसले आणि त्यांनी फोन उपडा घातला. जायचं तर होतं. पण आपण दहा दिवस नसताना साइट पडली तर लोक ओरडणार. आणि न पडली तर? हा दुसरा प्रश्न त्यांनी मनातसुद्धा पूर्ण केला नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात नव्या बाई आल्या. चाळिशीच्या. जुळी मुलं वाढवण्यात नऊ वर्षं नोकरी सोडलेल्या. आलेखसाहेबांनी त्यांना काकांशेजारची खुर्ची दिली आणि म्हणाले, "सध्या नुसतं बघा." बाईंनी ते शब्दशः घेतलं. ज्या घरात दोन मुलांपैकी फ्रिज कोणी उघडा टाकला हे आंबलेल्या दह्यावरून ओळखावं लागतं, तिथे त्यांचं शिक्षण झालं होतं. चार दिवस त्या काकांचा जुना कोड वाचत बसल्या. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची सरकवली.

काका तेव्हा बायकोशी बोलत होते. "हो, हो, बघतो म्हटलं ना अठराचं," असं म्हणून त्यांनी फोन नेहमीसारखा टेबलावर उपडा घातला.

"काका, एक विचारू?"

"विचारा ना."

"आपल्या ऑफिसात कप किती?"

काकांना वाटलं, बाई वर्गणी काढतायत. "चोवीस असतील."

"आणि चार वाजता चहाला किती उरतात?"

"एकही नाही. लोक टेबलावर ठेवतात, परत नेऊन ठेवत नाहीत. बेशिस्त!"

"तुमच्या टेबलावर चार आहेत."

काकांनी पाहिलं. खरोखरच चार होते. एकात तर टाचण्या होत्या.

"साइटचं तेच होतंय," बाई म्हणाल्या. "डेटाबेसशी बोलायला तिला पन्नास कनेक्शनं दिलेली आहेत. प्रत्येक अर्ज एक घेतो, काम झालं की परत ठेवतो. पण अर्जदारानं रक्तगटाचा रकाना रिकामा सोडला, तर तुमचा कोड मध्येच ठेचकाळतो आणि परत ठेवायच्या ओळीपर्यंत पोचतच नाही. ते कनेक्शन गेलं. दिवसभरात असे पन्नास जण आले, की चार वाजता कप संपले."

जावामध्ये चूक झाली की ती झेलायची सोय असते. काकांनी ती झेलली होती आणि गिळली होती. ढेकरही दिला नव्हता. कुठे नोंद नाही, कुठे तक्रार नाही. त्या जागी फक्त एक टीप होती, आणि ती आता बाईंच्या पडद्यावर होती: 'तात्पुरते. नंतर नीट करणे.' खाली काकांची आद्याक्षरं आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

"नंतर राहिलंच का ते?" बाईंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला.

"बाई, चालत्या गाडीची खीळ काढू नये."

"चालती कुठे आहे? रोज चारला बसते."

"मी उठवतो ना!"

"तेच म्हणते. बरं, उठवायचीच होती तर पहाटे आपोआप बंद-चालू होईल असं तरी लावायचं."

"यंत्रावर विसंबून कसं चालेल?" काका म्हणाले. समोर, मागे आणि दोन्ही बाजूंना यंत्रंच होती. मग त्यांचा आवाज चढला. "तुम्ही कालच्या आलेल्या. तुम्हाला काय ठाऊक? मी दहा दिवस गेलो ना, तर इथे हाहाकार होईल. पोरीच्या बाळंतपणाला जाता येत नाहीये मला, माहितीये? जीव तुटतो. पण करणार काय!"

"एक ओळ घाला, काका. काही होवो, चूक होवो न होवो, शेवटी घेतलेलं परत ठेव. एवढीच ओळ. मग दहा दिवस काय, दहा महिने जा."

"एवढं सोपं असतं तर मी केलं नसतं?"

"सोपंच आहे. म्हणून तर तुम्ही केलं नाहीत."

आणि या वाक्यावर टेबलानं तोंड उघडलं.

"एक ओळ?"

आवाज बायकोचा. फोन उपडा होता, त्यामुळे तो तोंडात कापूस कोंबलेल्या माणसासारखा, पण स्पष्ट ऐकू आला. काकांनी दचकून तो उलटा केला.

"अगं, तू अजून..."

"मी अकरा वर्षं ऐकतेच आहे. आज पहिल्यांदा काही ऐकण्यासारखं निघालं. त्या बाईंना द्या."

"हे बघ, हे तांत्रिक..."

"लोणच्याच्या बरणीत काय तांत्रिक आहे? त्या बाई काय सांगतात ते समजलं मला. घेतलेलं जागेवर ठेवा. हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, तेही फुकट." ती थांबली. मग आवाज खाली आला. "माझ्या आईच्या आजारपणात मी एकटी गेले. पोरीच्या लग्नात तुमची पाठ. मला वाटायचं, माणूस अडकलाय बिचारा. तुम्ही अडकला नव्हतात हो. तुम्ही कडी आतून लावली होती."

आसपासच्या खुर्च्या वळल्या होत्या. चार वाजता वळतात तशाच; पण आत्ता साडेनऊच वाजले होते.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," बायको म्हणाली. "अठराला या, नाहीतर राहा तिथेच. पोरीला मी काय ते सांगते." आणि तिनं फोन ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं तो आपण होऊन ठेवला.

काका उठले, चारही कप उचलले, टाचण्यांचा रिकामा केला, आणि धुवायला घेऊन गेले. परत आले तेव्हा बाह्या ओल्या होत्या.

"कुठे कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"त्रेचाळीस ठिकाणी."

"बापरे! एवढा मी?"

"एवढे तुम्ही," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "मी करू शकते. पण तुम्हीच करा. मी बघते."

दोन दिवस लागले. काकांना लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली काहीतरी विसरलेलं पुन्हा हाताशी येत होतं. आपल्याला हे काम येतं, हे ते विसरून गेले होते. बटण दाबायला काहीच यावं लागत नव्हतं. शेवटची ती टीप पुसताना मात्र बोट क्षणभर अडलं. स्वतःची सही खोडताना अडतं तेवढंच. तिसऱ्या दिवशी चार वाजले. हेडक्लार्कचा फोन आला नाही. साडेचार झाले. काकांनीच लावला.

"चालू आहे ना?"

"चालू आहे की. का? बंद करणार आहात?"

अठराला काका मुलीच्या दारात उभे होते. वीस तारीख टळली, बावीसला नात झाली. तिला पहिल्यांदा हातात घेताना काकांनी घड्याळ बघितलं नाही, ही घरातल्यांनी एकमेकांना सांगण्याजोगी बातमी ठरली. या वेळच्या फोटोत तोंड आलं. चष्मा घसरलेला, जबडा उघडा, पण तोंड. तरी रोज पावणेनऊला ते खिडकीशी जात, फोन हातात धरून. तो वाजत नसे. दिवसभर वाजत नसे. पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, साइट चालू आहे म्हणून चेहरा पाडून बसलेला जगातला पहिला माणूस असाल तुम्ही."

"चेहरा कुठे पडलाय?"

"आई, आरसा दे गं यांना."

दहा दिवसांनी काका परतले आणि तिमाहीच्या आढाव्याला बसले. आलेखसाहेबांनी भिंतीवर आलेख लावला. काकांची रेषा दोन महिने डोंगरासारखी उभी होती आणि मग कड्यावरून पडली होती. पुढे सपाट.

"काका, हे काय आहे? या महिन्यात सोडवलेल्या अडचणी: शून्य."

"अडचणीच आल्या नाहीत, साहेब."

"तेच म्हणतोय. तुमचं काम दिसत नाहीये." मग ते बाईंकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत?"

"काही होऊ दिलं नाही."

आलेखसाहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. ते दुष्ट नव्हते. त्यांना मनापासून मदत करायची होती. "हे कुठल्या रकान्यात भरू?" ते म्हणाले.

तसा रकाना नव्हता. त्या महिन्याचा तारणहार म्हणून मोबाइल विभागातला एक तरतरीत तरुण निवडला गेला. त्यानं बनवलेलं अ‍ॅप दर दोन तासांनी पडे आणि तो ते दर दोन तासांनी उचले. काकांचा केसवाला फोटो काढला तेव्हा मागे भिंतीचा एक चौकोन निघाला, बाकीच्या भिंतीहून अकरा वर्षांनी तरुण. फलकाखाली उभं राहून त्या तरुणानं बोटं मोडली. काकांनी ती मोडायची लकब ओळखली आणि मान फिरवली.

पुढच्या वर्षी काकांना अठ्ठावन्न पूर्ण झाली. आधीच्या काळात अशा माणसाला दोन-तीन वर्षं वाढवून मिळत. 'यांच्याशिवाय चालणार नाही' असं पत्र आलेखसाहेब लिहीत. आता त्यांच्याशिवाय चालत होतं, आणि ते काकांनीच सिद्ध करून दिलं होतं. निरोपाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणात आलेखसाहेब म्हणाले, "काकांची उणीव भासेल." बाई मागच्या रांगेतून हळूच म्हणाल्या, "भासणार नाही. तेच तर काम केलंय त्यांनी." काकांनी ते ऐकलं. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांनी भाषणातलं काही आठवलं नाही, बाईंचं वाक्य मात्र दोनदा आठवलं.

काका आणि त्यांची बायको मुलीच्या गावी राहायला गेले. सवयही सामानाबरोबर गेली. पावणेनऊला बाईंचा फोन वाजे. "चालू आहे ना?" "आहे, काका." मग काका फोन तसाच कुठेतरी ठेवत, आणि बाईंच्या टेबलावर एका दूरच्या घरातली सकाळ सांडत राही: भांडी, नळ, नातीचा हट्ट, बायकोचा आवाज, "अहो, झाकण!" बाई थोडा वेळ ऐकत आणि मग हलकेच ठेवून देत. वर्षभर हे चाललं. साइट एकदाही पडली नाही. त्याबद्दल कोणी कोणाला काही म्हटलं नाही.

एका सोमवारी काका फोन कानाला लावून खिडकीशी उभे होते. नात त्यांच्या पायाशी आली. तिच्या एका हातात रंगीत खडूंची डबी, दुसऱ्यात तिचं झाकण. झाकण लागत नव्हतं. ती ते आजोबांपुढे धरून उभी राहिली. दुसऱ्या कोणापुढे नाही.

"काका? ऐकताय ना? चालू आहे म्हटलं," पलीकडून बाई म्हणाल्या.

काकांनी डबीकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले, "मग ठेवतो."